ऐकण्याचा सरासरी वेळ

१

शनवारची डाक मी लिहिते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण सध्या जो तो या बाबतीत वेगळंच बोलतो. विषय माझा, मजकूर माझा, शुद्धलेखन माझं, आणि शनिवारी सकाळी चहाच्याही आधी 'पाठवा' हे बटण दाबणारं बोटही माझंच.

लग्नाआधी मी वाशीमला एका पेपरच्या कचेरीत बातम्या दुरुस्त करायचे. लग्न होऊन शेलूबाजारात आले, तर इथे दुरुस्त करायला वांग्या-मिरचीची रोपं. आमचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि हायवेला लागून रोपांची नर्सरी. घरात माझे यजमान मुकेश, सासूबाई तुळसाबाई, धाकटी जाऊ रंजीता आणि मी. दीर मस्कतला नोकरीला. त्याला गावाकडच्या बातम्या लागायच्या, म्हणून मी दर आठवड्याला त्याला ईमेल लिहू लागले. त्यानं ते मित्रांना दाखवलं, मित्रांनी आणखी कोणाला, आणि बघता बघता पुणे, हैदराबाद, कुठकुठची वाशीम जिल्ह्यातली माणसं नावं नोंदवू लागली. व्हॉट्सअॅपवर काहून नाही, असं सगळे विचारतात. व्हॉट्सअॅपवर माणूस वाचत नाही, नुसता पुढे ढकलतो. मला वाचणारे पाहिजे होते.

डाकेत बाजारभाव असतो, पाऊसपाणी असतं, कोण गेलं कोणाचं जमलं असतं, आणि मधोमध माझा एक लेख असतो. शेवटी एक गंमत असते, ती अशी. आमच्याकडे भुलाबाईच्या दिवसांत पोरी घरोघर गाणी म्हणत येतात. गाणी संपली की घरची बाई झाकणाचा डबा हलवते, आणि आत खाऊ काय आहे ते पोरींनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं. डाक सुरू झाली ती नेमकी त्याच दिवसांत. मला सुचलं, डब्याचा आवाज रेकॉर्ड करून ईमेलला जोडावा आणि लोकांनी ओळखून कळवावं. लोक इतके खूश झाले की कोजागिरीला भुलाबाई गेली तरी मी डबा चालूच ठेवला. वर्षभर, दर शनिवारी.

सासूबाई तेव्हा एकदा म्हणाल्या होत्या, "आता कायले वाजवून राह्यली वं? पोरी गेल्या ना आपापल्या घरी."

"आई, ह्या इंटरनेटवरच्या पोरी हायेत," मी हसून म्हटलं. त्या हसल्या नाहीत. ताटातल्या मेथीची पानं तोडत बसल्या.

२

डिसेंबरात पुण्याहून सेवादासकाकांचा फोन आला. हे आमचे जुने वाचक, मूळचे मानोरा तालुक्यातले, बँकेतून रिटायर झालेले.

"साधनाताई, जानेवारीत आपण वाशीमले डाकेच्या वाचकायचा मेळावा घेऊन राह्यलो. सत्कार ठेवला हाये. तुमी एक काम करा, वर्षभराचा आढावा काढा. लोकायनं काय जास्त वाचलं, काय आवडलं. मी भाषणात सांगीन."

सत्कार! मी दिवसभर घरात तरंगत होते. कोणती साडी, इथपासून विचार सुरू झाला. पेपरच्या कचेरीत माझं नाव कधी छापून आलं नव्हतं, दुसऱ्यांची नावं नीट छापण्यात माझी वर्षं गेली. आता कुठे कोणी तरी माझ्या नावानं खुर्ची मांडणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप घेऊन बसले. खिडकीबाहेर ट्रक चालू होते, नर्सरीत रंजीता पाणी मारत होती. ज्या कंपनीमार्फत मी ईमेल पाठवते ती सगळा हिशेब दाखवते: किती जणांनी उघडला, कुठपर्यंत वाचला, कशावर क्लिक केलं. मी आजवर फक्त 'किती जणांनी उघडला' एवढंच पाहून खूश व्हायचे. बाकीचं त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं.

आणि अंगाचा तिळपापड झाला. लोक ईमेल उघडत होते आणि सरळ खाली डब्यावर जात होते. पाणंद रस्त्यांवर मी केवढा लेख लिहिला होता, गावोगाव फिरून, चप्पल झिजवून. त्यावर थांबलेले वाचक हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे, त्यात एक माझा दीर. हळदीच्या बाजारावरचा लेख, तीच गत. एसटी स्टँडवरच्या बाकड्यांवर मी जे लिहिलं होतं, ते लिहिताना मला स्वतःला रडू आलं होतं. ते कोणी पाहिलंसुद्धा नाही. सगळा जीव त्या डब्यावर. एका स्टीलच्या डब्याचा मला इतका राग येईल असं वाटलं नव्हतं.

मग मला तो रकाना दिसला. ऐकण्याचा सरासरी वेळ.

माझी क्लिप अर्ध्या मिनिटाचीसुद्धा नसते. डबा चारदा हलवायचा, थांबायचं, परत दोनदा हलवायचा, झालं. रकान्यात लिहिलं होतं, बारा मिनिटं. त्याआधीच्या आठवड्याला अकरा. सुरुवातीला, भुलाबाईच्या दिवसांत, बरोबर क्लिपएवढाच होता. कोजागिरीनंतर तो वाढत गेला होता, हळूहळू, दर आठवड्याला थोडा.

पुन्हा पुन्हा ऐकत असतील, मी स्वतःला म्हटलं. किती वेळा ऐकलं तोही रकाना शेजारीच होता. बहुतेकांपुढे एक.

३

डब्याची उत्तरं वेगळ्या खात्यात येतात आणि ते खातं रंजीता बघते. बरोबर उत्तर कोणाचं ते ती मला सांगते, मी पुढच्या डाकेत नाव टाकते. मी ती पत्रं कधी वाचत नसे. आत काय असणार, शेंगदाणे की फुटाणे. त्या दुपारी वाचली.

'बाई म्हणाल्या तेच, ज्वारीच्या लाह्या.'

'बाईंचा आवाज ऐकला की आठवडा चांगला जातो. मी हैदराबादला एकटा राहतो.'

'बाईंना खोकला झालेला दिसतो. आलं-गूळ घ्यायला सांगा.'

'बाईंनी तुमच्या घरातल्या मागच्या खोलीचं जे वर्णन केलं ना, डोळ्यापुढे उभं राहिलं. असं कोणी लिहीत नाही आजकाल.'

असं कोणी लिहीत नाही! मी उठले आणि तशीच नर्सरीत गेले. रंजीता हिरव्या जाळीखाली मिरचीच्या ट्रेवर नळीनं पाणी मारत होती. रेकॉर्ड करताना डबा मी हलवायचे आणि मोबाइल ती धरायची. दुसरं कोण असणार?

"रंजीता, तू माझ्या मागून काय बोलतं वं त्या क्लिपमधी?"

तिनं नळी खाली ठेवली. "मी? मी कायले बोलू?"

"लोकायची पत्रं वाचली मी. बाई म्हणे. बाईचा आवाज म्हणे. तुले पुढं पुढं करायची एवढी हौस हाये त मले सांगायचं ना. दुसऱ्याच्या डाकेत तोंड घालायची काय गरज?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उलटून बोललीच. रंजीता तशी गप्प बसणारी नाही.

"ताई, मले त वाटे तुमीच हाये ते. तुमीच नंतर भरून टाकता मोबाइलवर. मी म्हणो, ताई माइकवर किती गोड बोलते, घरात काहून नाही बोलत तशी."

हे लागलं. मी तिला म्हटलं, "दाखव." तिनं ओला हात साडीला पुसून मोबाइल काढला, मागच्या शनिवारची क्लिप लावली आणि दोघींच्या मध्ये धरली. डबा वाजला. थांबला. परत वाजला. क्लिप संपली, मी वर बघितलं.

रंजीता अजून ऐकत होती. मान जराशी कललेली, ओठांवर हसू. एकदा तर तिनं "हो ना" असं कोणाला तरी म्हटलं. नळीतून पाणी वाहत होतं ते तिच्या पायांवरून गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. मी मोबाइलकडे पाहिलं, पडद्यावरचा काटा शेवटाला जाऊन केव्हाचा थांबला होता.

"झालं," ती बऱ्याच वेळानं म्हणाली. "तुमी नाही ऐकलं?"

४

मी अडाणी नाही. पहिलं काम केलं ते वाशीमला जाऊन कान तपासून घेतले. डॉक्टरांनी कानात मशीन लावलं, टिंगटिंग आवाज काढले, मी सगळे ओळखले. "कान उत्तम आहेत," ते म्हणाले, "टेन्शन घेता का?" मी म्हटलं, नाही. येताना जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले होते, मागच्या बायकांची कुजबुज मला शब्द न् शब्द ऐकू येत होती.

मग वाटलं, रंजीता नाटक करते. वाचकांशी संगनमत करून माझी मस्करी चालली असेल. मस्कतहून दीर, पुण्याहून त्याचे मित्र, इकडून ही. मी लेखक म्हणून मोठी होत चाललेली कोणाला बघवत नसेल. मला हे कारण चांगलं पटलं, दोन दिवस मी त्यावर जगले.

तिसऱ्या दिवशी मुकेशना क्लिप ऐकवली. मुकेश भाजीच्या गाडीचे, खताचे, नर्सरीचे, सगळ्यांचे फोन घेतात, पण माझी डाक त्यांनी आयुष्यात उघडली नाही. "तू लिहितं ना, मंग चांगलंच अशीन," असं म्हणून मोकळे होतात. माणूस खोटं बोलत नाही, बोलताच येत नाही त्यांना. जेवून ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या कानात इअरफोन घातला आणि समोर उभी राहिले.

आधी त्यांनी मला दाखवायला म्हणून ऐकलं. मग हातातली सुपारी तशीच राहिली. मग ते हसले. लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायचे तसे हसले, खाली बघून.

"काय म्हणते?" मी विचारलं.

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मला! मी उभीच. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा. सासूबाई आतून दोनदा पाहून गेल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी इअरफोन काढला.

"कोण हाये वं हे?"

"तुमीच सांगा. काय म्हणते?"

"काही नाही, असंच. आपल्याच घरातलं." ते आठवून परत हसले. "म्हणे, मी पहाटी मळ्यात जातो तवा कोणी दार लावाले उठत नाही, ते तिले बरं नाही वाटत. म्हणे, कोणी उठलं पाहिजे." मग जरा थांबून म्हणाले, "चांगली बाई दिसते."

मला भीती वाटायला पाहिजे होती. कोणालाही वाटली असती. पण खरं सांगते, मला आला तो राग. माझा नवरा माझं एक अक्षर न वाचता दहा वर्षं राहिला, आणि हिचं बारा मिनिटं सुपारी न चावता ऐकतो. माझ्या डाकेत बसून माझ्या नवऱ्याला सांगते की बायको दार लावायला उठत नाही. सटवी, मी मनात म्हटलं. कोण असशील ती अस, पण लाज म्हणून काही?

दुसऱ्या दिवसापासून ते मळ्यात इअरफोन घालून जायला लागले.

५

पुढचं रेकॉर्डिंग मी एकटीनं केलं. रंजीताला सांगितलं, तू येऊ नको. ती "बरं" म्हणाली आणि भांडी आपटायला गेली.

आमच्याकडे मागची एक कोठी आहे. हायवेचा आवाज तिथे सगळ्यात कमी येतो म्हणून रेकॉर्डिंग तिथेच. एका बाजूला हळदीची पोती, दुसऱ्या बाजूला फळीवर सासूबाईंचे डबे, वर एक झरोका. दुपारची वेळ होती, झरोक्यातून उन्हाचा पट्टा पोत्यांवर पडला होता. मी दाराला आतून कडी लावली. पोत्यांमागे पाहिलं. फळीखाली पाहिलं. मांजरसुद्धा नव्हतं. मोबाइल पोत्यावर ठेवला, डबा हातात घेतला आणि उभी राहिले.

उभी राहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. खोली शांत होती, पण ती रिकाम्या खोलीची शांतता नव्हती. कोणी तरी बोलायचं थांबून आपण काय करतो ते बघतं ना, तशी होती. मी डबा चारदा हलवला, थांबले. थांबायची जागा मी वर्षभर ठेवत आले होते, ऐकणाऱ्याला विचार करायला वेळ म्हणून. त्या दिवशी ती जागा फार लांब वाटली. मी मुद्दाम श्वास रोखून ऐकत होते. काही नाही. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, तेवढ्यात एका जागी ती जराशी बाजूला झाली, तोंडासमोर होते तशी, आणि परत जागेवर आली.

मी परत दोनदा हलवला आणि कडी काढून बाहेर आले. मनात एकच होतं: बोलली असेल तर काय बोलली असेल?

बाहेर सासूबाई उभ्या होत्या. माझ्या हातातल्या डब्याकडे पाहून म्हणाल्या, "साधना, ठेवून दे ना तो आता. आमच्या वक्ती कोजागिरी झाली का डब्बा घासून उपडा ठिवत."

"काहून?"

"काहून म्हंजे? ठिवत, एवढंच माईत." मग माझ्या खांद्यावरून कोठीच्या उघड्या दाराकडे पाहून त्यांनी पदर नीट केला. घरात पाहुणी आली की करतात तसा.

त्या आठवड्याची पत्रं मी स्वतः वाचली. सगळ्यांचं एकच म्हणणं: या वेळी बाई अगदी जवळून बोलल्या.

६

मेळावा तोंडावर आला होता. सेवादासकाकांचा रोज फोन. "बाईंना आणाच बरं का ताई. नाव काय त्यायचं? आमंत्रणपत्रिकेत टाकतो."

"काका, डाक मी लिहिते."

"हो हो, तुमी त हायेच," ते म्हणाले. घरातल्या लेकराची समजूत काढावी असा आवाज.

मग मी ठरवलं. लोकांना आवाजच पाहिजे ना? ऐका मग माझा. त्या शनिवारच्या डाकेसाठी मी डबा घेतलाच नाही. कोठीतसुद्धा गेले नाही, हायवेकडच्या खोलीत बसले, दिवसाउजेडी, दार सताड उघडं ठेवून, आणि एसटी स्टँडच्या बाकड्यांवरचा माझा लेख स्वतःच्या आवाजात वाचला. सुरुवातीलाच म्हटलं, 'नमस्कार, मी साधना, शनवारची डाक मीच लिहिते.' आवाज जरा कापला, पण जिवापासून वाचलं. शेवटच्या ओळीला परत डोळे भरून आले. ऐकून पाहिलं, चांगलं झालं होतं. खोटं कशाला बोलू, फार चांगलं झालं होतं.

उत्तरं सोमवारपर्यंत येत राहिली. इतकी कधीच आली नव्हती.

'बाईंनी आज कमाल केली. बाकड्यांवरचं ऐकून रडलो.'

'वर्षातला सर्वोत्तम अंक. बाईंनी आता दर आठवड्याला वाचावं.'

'एकच सूचना. बाई वाचत असताना मागे कोणी तरी सारखं डबा हलवत होतं. फार कर्कश. आत काय होतं ते काही ओळखता आलं नाही.'

हे शेवटचं एकानं लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. जवळजवळ प्रत्येकानं लिहिलं होतं. कोणी सौम्य शब्दांत, कोणी चिडून. एका बाईनं तर लिहिलं, 'मध्येमध्ये डब्याच्या आवाजात बाई ऐकूच येईनात. तो डबा बाजूला ठेवा ना, प्लीज.'

मी मुकेशना बोलावलं. माझीच क्लिप लावली, मी बोलत होते, मला माझा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. ते मन लावून ऐकत होते. माझा आवाज जिथे कापला होता तिथे त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय वाजवतं मधातच? तिले बोलू दे ना."

"अहो, ते मी हाये! तो माझा आवाज हाये!"

मुकेशनी दचकून कोठीच्या दाराकडे पाहिलं, जिथे डबे असतात. मग इकडेतिकडे. मग आतल्या बाजूला हाक मारली, "रंजीता, काय पडलं वं तठी?"

मी त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर उभी होते.

७

आठवडाभर मी फार कमी बोलले. बोलले की कोणी तरी मान वर करून बघायचं, म्हणून. हाताच्या खुणांनी भागवलं, चिठ्ठ्या लिहिल्या. माझं लिहिलेलं कळायचं त्यांना, पण वाचायचं कोण? रंजीता चिठ्ठी हातात घ्यायची आणि बघता बघता तिचं लक्ष दुसरीकडे जायचं. एकीकडे घरात कसलंसं बरं वातावरण होतं. मुकेश पहाटे निघायचे तेव्हा मागे दार लागल्याचा आवाज यायचा. मी अंथरुणातच असायचे.

तरी मी मेळाव्याला जायचं ठरवलं. माझी सगळी मदार त्यावरच होती. समोरासमोर, शंभर माणसांत, दिवसा, माइकवर. पत्रात, क्लिपमध्ये काहीही होऊ शकतं. समोर उभ्या असलेल्या बाईला माणूस कसा नाकारेल? मी मोरपंखी साडी काढली, केसांत गजरा घातला आणि जीपमध्ये जाऊन बसले. मुकेश दार धरून उभे होते. मी बसले, पदर सावरला, तरी ते दार धरूनच उभे. मग जरा वेळानं त्यांनी ते हळूच लावलं, कोणाचा पदर अडकू नये अशा बेतानं.

वाशीमला स्टेशनच्या रस्त्यावर हॉल घेतला होता. रांगोळी, पोहे, चहा. कामरगावपासून पुण्यापर्यंतची माणसं, एकमेकांना मिठ्या मारत होती. मला पाहून सगळे हसले, नमस्कार केला, आणि नजर माझ्या डाव्या बाजूला नेऊन आणखी वाकून दुसरा नमस्कार केला. स्टेजवर दोन खुर्च्या होत्या. मला वाटलं, एक मुकेशसाठी. ते जाऊन पहिल्या रांगेत बसले.

सेवादासकाका बोलले. वर्षाचा आढावा त्यांनीच मांडला, माझ्याकडून मागवलेला. किती जणांनी उघडली, किती जणांनी ऐकलं, ऐकण्याचा सरासरी वेळ. तो आकडा सांगताच टाळ्या पडल्या. मग त्यांनी मला नारळ दिला, पटकन, आणि शाल घेऊन शेजारच्या खुर्चीकडे वळले. दोन्ही हातांनी शाल उलगडली, पांघरली, मागे सरले आणि हात जोडले.

मी मान वळवून बघितलं. शाल खुर्चीच्या पाठीला टेकली नव्हती. पाठीपासून चांगली वीतभर पुढे होती आणि खाली पडत नव्हती. दुमडीच्या टोकाला पाचेक हिरव्या बांगड्या दिसल्या, की मला वाटल्या. मी पुढे पाहिलं. परत तिकडे बघायची माझी छाती झाली नाही.

पण इतक्या दुरून, इतकी साडी नेसून, मी गप्प बसणार नव्हते. मी उठले आणि माइक ओढून घेतला.

"मी साधना," मी म्हटलं. "शनवारची डाक मी लिहिते. वर्षभर मी लिहिते. एकेक शब्द माझा हाये."

हॉल शांत झाला. चांगला शांत, बायकांनी लेकरांना दटावून गप्प केलं. सगळ्यांनी माना कलत्या केल्या. ऐकत होते! माझं ऐकत होते! मी माइक आणखी जवळ ओढला.

"शेंगदाणे!" मागून कोणी तरी ओरडलं.

हशा झाला. "नाही नाही, फुटाणे हायेत."

"खारका!"

"आयका ना," मी ओरडले, "मी हाये, मी बोलून राह्यली, साधना!"

"परत हलवा, परत हलवा!" पोरीबाळी उभ्या राहून ओरडत होत्या. "गोडंबी!" "चिंचोके!" मी मुकेशकडे पाहिलं. ते डोळे मिटून, कानाशी हात धरून, अगदी मनापासून ओळखायचा प्रयत्न करत होते. मी त्यांच्या नावानं हाक मारली. दहा वर्षांत पहिल्यांदा, नुसत्या नावानं.

"लाह्या," ते म्हणाले, पण त्यांची खात्री नव्हती.

मग कोणीच ओळखेना, आणि सगळा हॉल माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघायला लागला. तेव्हा मला तिचा आवाज आला. माझ्या कानाला लागून, पहिल्यांदाच. गोड होता. माझ्यापेक्षा गोड होता, ते मला कबूल करावंच लागेल.

"साधना हाये आत," ती म्हणाली.

बरोबर उत्तराला वाजतात तशा टाळ्या वाजल्या. सगळ्यांत आधी मुकेशनी वाजवल्या.